वस्तीतल्या मुलांसाठी तलवारबाजीचा वर्ग : सांगलीत सुरू करावा का?

प्रश्न : निवृत्त शिक्षक, सांगली

नमस्कार. आमच्या घरामागच्या वस्तीत मी चार वर्षांपासून संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. येणारी मुले हमाली, धुणीभांडी आणि हातगाडी यांवर चालणाऱ्या घरांतली आहेत, आणि आठवी ओलांडली की त्यांतली एकेक जण येईनाशी होते. माझी एक माजी विद्यार्थिनी विद्यापीठाकडून तलवारबाजी खेळलेली असून शनिवारी आणि रविवारी सकाळी या मुलांना विनामूल्य शिकवायला ती तयार आहे.

पीटर वेस्टब्रुक यांच्याविषयी मला तिच्याकडूनच कळले. वडील आफ्रिकी-अमेरिकी, आई जपानी; न्यू जर्सीतील नेवार्कच्या गरीब वस्तीत आईने एकटीने मुलांना वाढवले, आणि मुलगा रस्त्यावरच्या भांडणांत पडू नये म्हणून तलवारबाजीच्या धड्याला जाण्यासाठी त्याला पाच डॉलर देऊ केले. त्या मुलाने पुढे सेबर या तलवारबाजीच्या एका प्रकारात १३ वेळा अमेरिकेचे राष्ट्रीय विजेतेपद आणि १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. १९९१ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये वस्तीतल्या मुलांसाठी संस्था काढली आणि २०२४ मध्ये निधन होईपर्यंत ते तिच्याशी जोडलेले राहिले.

माझ्यापुढे दोन अडचणी आहेत. एक, या खेळाचा खर्च. दुसरी, ‘तलवार’ हा शब्द. ज्या गल्लीत कोयत्यासह काढलेल्या एका फोटोमुळे पोलीस दारात येतात, तिथे आईवडिलांना हे कसे समजावून सांगावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : तलवारबाजी प्रशिक्षक, सातारा

सर, दुसऱ्या अडचणीबद्दल आधी लिहिते, कारण ती मलाही रोज भेटते. आपल्या खेळातल्या पात्याला धार नसते, टोक बोथट असते आणि पाते वाकते. चेहऱ्यावर जाळीचा मास्क, अंगात जाड जाकीट आणि हातात मोजा असल्याशिवाय कोणालाही समोर उभे करायचे नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. सामन्याच्या आधी आणि नंतर प्रतिस्पर्ध्याला सलामी द्यावी लागते, आणि ती नाकारणाऱ्या खेळाडूवर कारवाई होते. रागाच्या भरात हात उचलण्याची सवय लागलेल्या मुलाला ही सलामी द्यायला लावणे हे माझ्या मते निम्मे काम आहे.

खर्चाबद्दल : पहिले तीन महिने शस्त्र हातात देऊच नका. ऑन गार्ड (तयारीत उभे राहणे), पुढे-मागे सरकणे, लंज (पुढचा पाय लांब टाकून झेप घेणे) एवढेच पायांचे काम सपाट फरशीवर घ्या. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून पहिल्यांदा तलवारबाजी खेळलेल्या चेन्नईच्या भवानी देवीनेही सुरुवातीला बांबूच्या काठ्यांवर सराव केला होता. पुढे शस्त्र घ्यायचे ठरले तर फॉइल, सेबर आणि इपी या तीन प्रकारांपैकी इपी घ्या, असे मी सुचवेन. फॉइल आणि सेबरला पात्याचा स्पर्श नोंदवणारी विजेची जोडणी करायची तर प्रत्येकाला धातूच्या धाग्याचे वेगळे जाकीट लागते. इपीत संपूर्ण शरीर लक्ष्य असल्याने ते लागत नाही, आणि आधी कोणाचा हल्ला होता या वादात नवखा पंच अडकत नाही. मुले झपाट्याने वाढतात, त्यामुळे जाकिटे मुलांच्या नावाने न घेता मापाप्रमाणे सामायिक ठेवावीत. डावखुऱ्या मुलांसाठी एक-दोन जाकिटे वेगळी घ्यावी लागतील, कारण त्यांची चेन दुसऱ्या बाजूला असते. हे आम्ही विसरलो होतो आणि एक चांगला मुलगा महिनाभर नुसता बाकावर बसून राहिला.

उत्तर : मिरजेचे एक वाचक

उत्साहाचा आदर राखून एक शंका मांडतो. ऑलिंपिकमध्ये १९५२ साली कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगचे रौप्य मिळवले, आणि त्याच्या वडिलांची पानटपरी आहे. ज्या खेळांना तालमी, वस्ताद आणि गावाची ओळख आहे ते सोडून परका खेळ कशासाठी? आमच्या भागात एका संस्थेने बॉक्सिंगचा वर्ग थाटामाटात उघडला आणि आठ महिन्यांत बंद केला. त्यानंतर त्या मुलांना कोणीही बोलावले तरी ती येत नाहीत. वर्ग न काढण्यापेक्षा काढून मोडणे अधिक वाईट, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

उत्तर : तलवारबाजी प्रशिक्षक, सातारा

आपली शेवटची गोष्ट मला पूर्ण मान्य आहे. मात्र परका खेळ हीच कधीकधी सोय ठरते : कुस्तीत वस्तीतल्या मुलासमोर लहानपणापासून तालमीत घुमलेला मुलगा उभा असतो, तर इपीत सगळेच कोरे असतात. न्यूयॉर्कच्या त्या संस्थेतून पुढे आलेल्या डॅरिल होमरने हा खेळ लहानपणी प्रथम शब्दकोशात पाहिला होता. २०१६ मध्ये रिओला त्याने सेबरचे रौप्य जिंकले. तिथल्याच लॉरेन स्क्रग्जने २०२४ मध्ये पॅरिसला फॉइलमध्ये वैयक्तिक रौप्य आणि सांघिक सुवर्ण मिळवले. पण मला त्या संस्थेची जास्त मोलाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. तिथे शनिवारच्या सरावाबरोबर अभ्यासाची मदतही मिळते, आणि मोठे झालेले खेळाडू धाकट्यांना शिकवायला परत येतात. सर, अभ्यासिका आपल्याकडे आधीपासून आहे, म्हणजे अर्धी संस्था उभीच आहे.

प्रश्नकर्ते : निवृत्त शिक्षक, सांगली

दोघांचेही आभार. मिरजेच्या वाचकांची शंका मी त्या मुलीपुढे तशीच ठेवली. तिचे लग्न ठरण्याची किंवा तिला पुण्यात नोकरी लागण्याची शक्यता आहे, हे तिने मोकळेपणाने सांगितले. म्हणून नववीतल्या दोन मुली आणि एक मुलगा यांना तिने सुरुवातीपासूनच सहायक म्हणून तयार करायचे आणि दोन वर्षांचे वेळापत्रक लेखी ठरवायचे, असे आम्ही योजले आहे. आईवडिलांना मात्र अजून कसे विचारावे, हे सुचलेले नाही.

उत्तर : एका खेळाडूची आई, सांगली

दादा, सभा घेऊ नका, सभेला बापमाणसे येतात आणि मान हलवून जातात. दुपारी बायका नळावर असतात तेव्हा मास्क आणि एक पाते घेऊन जा. माझ्या लेकीच्या वेळी तिला शिकवणाऱ्या ताईंनी मास्क माझ्याच डोक्यावर चढवला आणि लेकीला म्हणाल्या, मार आईला. पाते माझ्या छातीवर वाकले, तेव्हा माझी भीती गेली.