ब्राउनफील्डला मराठीत काय म्हणता?

लंडनच्या 2012 च्या ऑलिम्पिक पार्कवरचा लेख मराठीत करतेय आणि ब्राउनफील्डपाशी गाडी अडलीय. म्हणजे पूर्वी कारखाने होते, ते गेले, आणि जमिनीत डांबर, तेल, शिसं असलं काहीबाही मुरलंय किंवा मुरलं असावं अशी शंका आहे, ती जागा. 'तपकिरी क्षेत्र' लिहिलं नि स्वतःच हसले, वाचणाऱ्याला नांगरलेलं शेत दिसायचं. 'पडीक' चालेल?

— पडीक नको हो ताई. पडीक म्हणजे न कसलेली, नांगर लागला की झाली वहिती. इथे उलट, नको तितकी वापरून झालीय. आणि ब्राउनफील्ड तसंच ठेवलंत तरी घोळ, कारण आपल्या पेपरात ब्राउनफील्ड विमानतळ म्हणजे आहे तोच वाढवणं, नवी मुंबईचा नव्या जागेवरचा तो ग्रीनफील्ड, त्यात विषाबिषाचा काही संबंध नाही.

— क्लीनअपला 'शुद्धीकरण' तेवढं लिहू नका, गोमूत्र शिंपडल्यासारखं वाटतं :) भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या बंद कारखान्याचं बघा, जानेवारी 2025 मध्ये 337 टन विषारी कचरा 12 कंटेनरमधून पीथमपूरला नेला आणि लोक म्हणायला लागले जागा साफ झाली. अहो, गोदामातला कचरा गेला, मातीत नि भूजलात उतरलंय त्याचं काय? कचरा हलवणं वेगळं, जमीन निर्विष करणं वेगळं.

— लंडनला मातीच धुतली ना! जिथे धुवायचे त्या जागेला सॉइल हॉस्पिटल म्हणायचे. माती चाळायची, पाण्यात घुसळायची, वाळू-खडी स्वच्छ निघते आणि घाण बहुतेक बारीक गाळाला चिकटलेली असते, तो गाळ बाजूला काढायचा. धुतलेली माती परत तिथेच भरावाला.

— हे तर झारेकऱ्यांचं काम झालं! सराफकट्ट्यावरची धूळ, गटारातला गाळ धुऊन सोन्याचे कण काढतात ते. इथे गाळात सापडतं ते फेकायचं, एवढाच फरक. 'माती धुणे' बिनधास्त लिहा, मृदा-प्रक्षालन वगैरे नको.

— मग मूळ शब्दाचं काय, 'कारखान्यांनी नासलेली जमीन'?

— नासतं ते दूध. आमच्याकडे सांगलीकडे उसाला पाणी जास्त होऊन मीठ फुटलं की 'जमीन बाद झाली' म्हणतात. 'कारखान्यांमुळे बाद झालेली जमीन' म्हणा, लांब आहे पण लगेच कळतं.

— हे आवडलं, घेते. 'पुनर्विकास'ही एकदाच वापरीन म्हणते, मुंबईकरांना लगेच चाळ पाडून टॉवर दिसतो. मथळ्यात मात्र ब्राउनफील्डच राहणार, संपादकांना तिथे दोन शब्दांच्या वर काही चालत नाही.