पशुसंवर्धनाचा डिप्लोमा झालाय, रजिस्ट्रेशन नक्की कुठे करायचं?

प्रवराकाठ:
नमस्कार मंडळी, दहावीनंतर विद्यापीठाची दोन वर्षांची पशुसंवर्धन पदविका केली आणि आता संगमनेरच्या बाजूला एका सीनिअर डॉक्टरांच्या हाताखाली काम करतोय. लसीकरण, ड्रेसिंग, खच्चीकरण, गाई भरवणं हे सगळं करतो, गावात लोक मला डॉक्टरच म्हणतात. पण परवा मेडिकलवाल्याने रजिस्ट्रेशन नंबर मागितला आणि माझ्याकडे सांगायला काहीच नव्हतं. एकजण म्हणतो पैसे दे, नागपूरहून नंबर काढून देतो. असा नंबर मिळतो का? आणि उद्या स्वतःचं सुरू केलं तर बोर्डावर काय लिहायचं? ज्यांना नक्की माहितीये त्यांनीच सांगा प्लीज.

निवृत्त_पविअ:
आधी त्या माणसाला एक रुपयाही देऊ नकोस. नागपूरला महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषद आहे ती बीव्हीएस्सी झालेल्यांची नोंदणी करते, म्हणजे साडेपाच वर्षांची डिग्री, इंटर्नशिप धरून. पदविकेवर तिथला नंबर मिळत नाही, आणि कोणी आणून दिलाच तर तो खोटा असणार आणि केस तुझ्यावर होणार.

आता कायदा काय म्हणतो ते नीट वाच कारण यावर अर्धवट माहिती फार फिरते. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम 1984 चं कलम 30. नोंदणीकृत पशुवैद्यक सोडून दुसऱ्या कोणाला प्रॅक्टिस करता येत नाही, आरोग्य दाखल्यावर सही करता येत नाही, कोर्टात तज्ज्ञ म्हणून साक्षही देता येत नाही. पण त्याच कलमात तुमच्यासाठी एक परंतुक, म्हणजे अपवादाची अट, आहे. पदविका किंवा प्रमाणपत्रवाल्या पर्यवेक्षकांना राज्य सरकार आदेश काढून किरकोळ पशुवैद्यकीय सेवा द्यायची परवानगी देऊ शकतं, त्यात लसीकरण, खच्चीकरण, जखमेचं ड्रेसिंग ही नावं कायद्यातच आहेत आणि बाकी काय चालेल ते राज्य राजपत्रात अधिसूचना काढून ठरवतं. आपल्याकडे ती 2009 ला निघाली. अट एकच, हे सगळं नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि निर्देशाने करायचं. म्हणजे काम करायची मुभा आहे पण स्वतःच्या नावाचं रजिस्टर नाही. तू ज्यात अडकलायस ती फट हीच.

माणदेशी_एलएसएस:
सर बोलले ते कागदावर बरोबर आहे पण देखरेख म्हणजे काय हे पण कोणीतरी सांगा. श्रेणी दोनचा सरकारी दवाखाना आमचे पशुधन पर्यवेक्षकच (एलएसएस) चालवतात, डॉक्टर तालुक्याला, त्यांच्याकडे दोन दोन ठिकाणचा चार्ज. रात्री अकराला गाय अडली तर शेतकरी मला फोन करणार, मी काय सांगू, साहेब येईपर्यंत थांब? गुरांच्या लम्पी त्वचारोगाच्या वेळी 2022 ला गोठ्या गोठ्यात जाऊन लस टोचायला आम्ही चालतो, कानातल्या टॅगचा बारा आकडी नंबर घालून ऑनलाइन नोंद करायला आम्ही चालतो, आणि नंतर कोणी तक्रार केली की आम्ही बोगस. 2021 ला संप झाला तेव्हा हेच म्हणणं होतं की ती 2009 ची अधिसूचना बदला आणि आम्हाला नोंदणी द्या. आम्हाला डॉक्टर व्हायचं नाही हो, आम्ही जे आहोत त्याचा कागद पाहिजे.

गोठा_आणि_मी:
मी शेतकरी आहे, सात गाई आहेत आणि दूध संघाला घालतो, तर आमच्या बाजूनं पण ऐका. आम्हाला दारात येणारा प्रत्येकजण डॉक्टरच वाटतो. एक डिग्रीवाला असतो, एक डिप्लोमावाला, एक फक्त गाई भरवायचं तीन महिन्यांचं ट्रेनिंग केलेला, आणि एकजण आधी कोणाच्या तरी गाडीवर बॅग धरायला होता. चौघांकडे तीच बॅग तीच कृत्रिम रेतनाची एआय गन. फरक कसा ओळखायचा आम्ही?

शेजारच्या वस्तीवर गाय विली आणि दुसऱ्या दिवशी बसली, मान पोटाकडे वळवलेली, कान गार. कॅल्शियम कमी झालं हे आलेल्या माणसानं बरोबर ओळखलं, पण बाटली शिरेत लावली आणि घाई होती म्हणून फुल सोडली. अर्धी संपायच्या आत गाईने पाय ताणले आणि गेली. मग आमचे नेहमीचे डॉक्टर आले त्यांनी सांगितलं की कॅल्शियम शिरेतून हळूहळूच सोडायचं असतं, बाटली कोमट करून, छातीला स्टेथोस्कोप लावून ठोके ऐकत, ठोके चुकायला लागले की लगेच थांबवायचं. विमा होता पण त्यासाठी पीएम (शवविच्छेदन) आणि सही नोंदणीकृत डॉक्टरचीच लागते, आणि आधी उपचार कोणी केला या प्रश्नावर सगळं अडकलं. ऐंशी हजाराची गाय होती. तो माणूस कुठे नोंदवलेलाच नाही तर तक्रार कोणाकडे करणार?

निवृत्त_पविअ:
ही शेवटची ओळच महत्त्वाची. नोंदणी म्हणजे नुसता मान नव्हे, नाव असलं तर ते काढूनही टाकता येतं. डॉक्टर चुकला तर परिषदेकडे तक्रार होते, पदविकावाल्यासाठी तसा दरवाजाच नाही, त्यामुळे चांगलं काम करणारा आणि कसंही टोचणारा दोघे एकाच रांगेत उभे राहतात. हिमाचलने अशा पदविकावाल्यांसाठी पॅरा व्हेटर्नरी कौन्सिलचा वेगळा कायदा केलाय. माझं स्पष्ट मत आहे की महाराष्ट्रानेही वेगळं रजिस्टर करावं, त्यात कोण काय करू शकतो ते एकदाचं लिहावं, देखरेख फोनवर चालेल की समोर पाहिजे तेही लिहावं. माझे काही सहकारी याला विरोध करतात, त्यांना वाटतं मागच्या दाराने डॉक्टर तयार होतील. मला उलटं वाटतं, रेघ आखलेली नाही म्हणूनच आज कोणीही ओलांडतो.

माणदेशी, अडलेल्या गाईचं म्हणशील तर तू जा, बघ, पण डॉक्टरांना फोन लावूनच हात घाल आणि वेळ लिहून ठेव. तोच तुझा बचाव. 1962 या जनावरांच्या हेल्पलाइनला पण फोन करायला सांग शेतकऱ्याला.

प्रवराकाठ:
मनापासून आभार सगळ्यांचे, त्या एजंटला नाही म्हणून सांगितलं. फक्त दोन गोष्टी राहिल्या, बोर्डाचं काय आणि मेडिकलवाल्याला काय सांगू?

निवृत्त_पविअ:
बोर्डावर तुझं नाव, खाली पदविकेचं पूर्ण नाव, आणि ज्यांच्या देखरेखीखाली काम करतोस त्यांचं नाव व नोंदणी क्रमांक, त्यांना विचारून. नावाआधी डॉ. लावू नकोस, लोक म्हणतात ते म्हणू देत. मेडिकलवाला बरोबर वागला, अँटिबायोटिकसारखी शेड्यूल एचची औषधं नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायची असतात, तर चिठ्ठी तुझ्या सरांची ने.

आणि सरांकडून एक साधं पत्र घे, कोणकोणती कामं त्यांच्या निर्देशाने करतोस ते लिहिलेलं, तारीख सही शिक्क्यासकट. एक वही कर, जनावराचा टॅग नंबर, काय दिसलं, काय दिलं, किती दिलं, सरांशी किती वाजता बोललास. ब्रुसेलाची (गाभ पाडणाऱ्या रोगाची) लस टोचायला सांगितली तर हातमोजे आणि चष्मा मागून घे, ती जिवंत लस आहे, सुई स्वतःला लागली तर ताप तुला येईल, आणि ती फक्त चार ते आठ महिन्यांच्या कालवडींनाच.

माणदेशी_एलएसएस:
सर त्या पत्राचा नमुना असेल तर इथे टाका ना, आमच्या तालुक्यात कोणाकडेच असलं काही नाही.

निवृत्त_पविअ:
आज रात्री टाइप करून टाकतो.