सुपीरियर स्पायडर-मॅन पुढे वाचू का इथेच सोडू?

रामबागवाला, इंदूर:
2013 ची ही मार्व्हल कॉमिक्सची सिरीज वाचून राहिलोय, नववा अंक काल संपला आणि डोकं फिरलंय. व्हिलन डॉक्टर ऑक्टोपस, म्हणजे ऑटो, मरता मरता खऱ्या स्पायडर-मॅनच्या, पीटर पार्करच्या शरीरात शिरतो, बिचारा पीटर त्याच्या खंगलेल्या शरीरात अडकून मरतो, आणि हा ऑटो म्हणतो मी तुझ्यापेक्षा भारी स्पायडर-मॅन होऊन दाखवतो. चला ठीक. पण आता पीटरची मनात उरलेली जाणीवपण पुसून टाकली ना त्याने! याला हिरो कसं म्हणायचं? पुढचं सांगा, पण शेवट नका सांगू.

सराफ्याजवळ:
भिया सोडू नको. आधीच्या अमेझिंग स्पायडर-मॅन सिरीजच्या 700 व्या अंकात मरणारा पीटर ऑटोला स्वतःच्या सगळ्या आठवणी जगायला लावतो, काका अंकल बेनच्या मरणासकट, तिथूनच त्याला जबाबदारी कळते, पण घमेंड जुनीच राहते आणि सगळी मजा त्या ओढाताणीत आहे. न्यूयॉर्कभर स्पायडर-बॉट म्हणजे छोटे रोबो सोडून गस्त घालतो, पीटरची राहिलेली पीएचडी पूर्ण करतो, आणि हाच माणूस पाचव्या अंकात हातात सापडलेल्या मॅसॅकर नावाच्या खुन्याला गोळी घालतो. ॲना मारियाकडे लक्ष ठेव. ती त्याला पीटर म्हणून ओळखते पण खऱ्या पीटरला ती कधी भेटलेलीच नाही, म्हणजे तिचं प्रेम ऑटोवरच आहे. लेखक डॅन स्लॉटने सगळ्यात सुंदर काय लिहिलं असेल तर हे.

ताई_स्नेहलतागंज:
मला नाही पटत. दुसऱ्याचं शरीर चोरून केलेलं चांगलं काम ते कसलं चांगलं? त्यापेक्षा 1997 चं थंडरबोल्ट्स वाच, लेखक कर्ट ब्युसिक आणि चित्रकार मार्क बॅग्ली. ॲव्हेंजर्स मेले असं जगाला वाटतंय, तेव्हा नवे हिरो येतात आणि पहिल्याच अंकाच्या शेवटच्या पानावर कळतं की हे तर व्हिलन बॅरन झीमोचे गुंड, मुखवटे बदललेले. पण लोक विश्वास टाकायला लागले की त्यातल्या काहींना ते सोंगच आवडायला लागतं. त्यातलीच एक, स्क्रीमिंग मीमीची साँगबर्ड झाली ती स्वतःच्या मनाने झाली, कोणाचा जीव न घेता.

सराफ्याजवळ:
ताई, थंडरबोल्ट्स मलापण फार आवडतं. पण आपला राज कॉमिक्सचा नागराज आठवा, 1986 चा. प्रोफेसर नागमणीने त्याला आतंकवाद्यांसाठी हत्यार म्हणून तयार केलं, गोरखनाथांनी डोक्यातली, त्याच्यावर ताबा ठेवणारी कॅप्सूल काढली आणि तो सुटला, त्याचा दोष कधी नव्हताच. ऑटोच्या डोक्यात काढून टाकायला असं काहीच नाही हो, जे वाईट आहे ते त्याचं स्वतःचं आहे, म्हणून त्याला स्वतःशीच भांडावं लागतं आणि ते शेवटपर्यंत चालतं. चोरी माफ होते असं मी म्हणतच नाही, लेखकानेपण नाही केली.

रामबागवाला, इंदूर:
बरं मग वाचतो. एकूण किती अंक आहेत?

सराफ्याजवळ:
मुख्य गोष्ट 31 अंकांत संपते. तिसावा आणि एकतिसावा सलग वाच, मध्ये थांबू नको. 2018 ची नवी सिरीज त्यानंतर.