अनुभव धागा : 'द क्लॅश' तुमच्यापर्यंत कसा पोहोचला?

'द क्लॅश' हा लंडनचा पंक (बंडखोर वळणाचे रॉक संगीत) बँड १९७६ साली जमला आणि १९८६ साली मोडला. मधल्या दहा वर्षांत त्याचे सहा अल्बम आले. इतिहास कुठेही वाचायला मिळेल, म्हणून येथे तो तुमच्या वाट्याला कसा आला तेवढेच लिहावे, ही विनंती. सुरुवात मीच करतो. आमच्या घरी वडील रोज रात्री शॉर्टवेव्हवर बीबीसी लावत, आणि महायुद्धाच्या काळात निवेदक 'दिस इज लंडन कॉलिंग' म्हणून बातम्या सुरू करीत, असे ते कौतुकाने सांगत. पुढे महाविद्यालयात मित्राकडे 'लंडन कॉलिंग' नावाची कॅसेट दिसली, तेव्हा जुन्या बातम्यांचे ध्वनिमुद्रण असेल अशा समजुतीने मी ती वडिलांसाठी मागून आणली. निघाला तो याच बँडचा अल्बम. त्यांनी अर्धे गाणे ऐकून टेप बंद केला. मी मात्र ती कॅसेट आजतागायत परत केलेली नाही.

हॅरो, लंडन
२०१९ च्या हिवाळ्यात लंडनच्या संग्रहालयात या बँडचे प्रदर्शन भरले होते, तेथे बँडचा बेसवादक पॉल सिमनन याने न्यूयॉर्कच्या पॅलेडियममध्ये सप्टेंबर १९७९ मध्ये आपटून फोडलेली बेस गिटार काचेआड ठेवलेली पाहिली. प्रेक्षकांना खुर्च्यांवरून उठू देत नव्हते, म्हणून तो वैतागला होता. छायाचित्रकार पेनी स्मिथ यांना त्या क्षणाचे आपण टिपलेले छायाचित्र अस्पष्ट वाटत होते आणि ते 'लंडन कॉलिंग'च्या मुखपृष्ठावर जाऊ नये असे त्यांचे मत होते, हे तेथे उभे राहून आठवले तेव्हा हसू आले.

नाशिक
माझे मामा १९७९ साली लंडनच्या साउथॉल भागात भाड्याच्या खोलीत राहत होते. २३ एप्रिलला 'नॅशनल फ्रंट' या वर्णद्वेषी पक्षाने तेथल्या टाऊन हॉलमध्ये सभा ठेवली, तिच्याविरुद्ध आशियाई रहिवासी रस्त्यावर उतरले, पोलिसांशी चकमकी झाल्या आणि ब्लेअर पीच हे न्यूझीलंडहून आलेले शिक्षक डोक्यावर घाव बसून मृत्यू पावले. मामांना घरमालकाने त्या दिवशी बाहेर पडू दिले नाही, याची बोच त्यांना कायम राहिली. जुलैमध्ये रेनबो थिएटरात साउथॉलला अटक झालेल्या आरोपींच्या बचावनिधीसाठी 'क्लॅश' वाजवणार असल्याचे त्यांना कळले; पण या बँडचे पहिले गाणे 'व्हाइट रायट' (गोऱ्यांची दंगल) आहे एवढेच त्यांनी ऐकले होते, आणि त्या नावावरून हीदेखील गोऱ्यांचीच टोळी असावी असे समजून ते गेले नाहीत. वास्तविक ऑगस्ट १९७६ मध्ये नॉटिंग हिलच्या कार्निव्हलमध्ये कृष्णवर्णीय तरुण पोलिसांना भिडले, तेव्हा बँडचा गायक जो स्ट्रमर आणि सिमनन तेथे हजर होते, आणि यांच्याइतके धैर्य गोऱ्या पोरांत का नाही, हाच त्या गाण्याचा सवाल आहे. हे मी मामांना वीस वर्षांनी समजावले. त्यावर ते म्हणाले, "मग नाव तरी नीट ठेवायचे होते." मला त्यांचे म्हणणे पटते.

मडगाव
मी ड्रम वाजवतो, म्हणून माझे दैवत या बँडचा ड्रमर टॉपर हेडन. 'रॉक द कॅसबा'चे संगीत त्याचे. ड्रम, बेस आणि पियानो तिन्ही त्यानेच वाजवले. पण हेरॉइनच्या व्यसनापायी १९८२ मध्ये त्याला काढून टाकले आणि गाण्याच्या चित्रफितीत ड्रमवर दिसतो तो टेरी चाइम्स. अनेक वर्षे मी चाइम्सलाच हेडन समजून त्याच्या मनगटांची नक्कल करीत होतो.

पुणे
'स्लमडॉग मिलियनेअर'मधल्या 'पेपर प्लेन्स'ची धून मुळात यांच्या 'स्ट्रेट टू हेल'ची आहे, हे मला २००८ नंतर कळले. तेवढाच माझा अनुभव.

ठाणे
थोडा विरोधी सूर लावतो. जानेवारी १९७७ मध्ये सीबीएस या रेकॉर्ड कंपनीकडून एक लाख पौंड घेतलेल्या बँडला बंडखोर म्हणणे मला जड जाते. १९९१ साली जीन्सच्या जाहिरातीमुळे त्यांचे जुने गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले, त्याच सुमारास मी त्यांना प्रथम ऐकले. तेव्हा माझी ओळख जीन्समार्फतच झाली म्हणायची.

धागाकर्ता
आक्षेप रास्त आहे. मात्र त्याच सीबीएसशी भांडून त्यांनी 'लंडन कॉलिंग'च्या दोन रेकॉर्डी एकीच्या भावात विकायला लावल्या, आणि १९८० मध्ये तीन रेकॉर्डींचा 'सँडिनिस्टा!' हा अल्बम स्वस्तात ठेवता यावा म्हणून पहिल्या दोन लाख प्रतींवरची रॉयल्टी सोडली. (त्या छत्तीस गाण्यांतली दहा-बारा वगळली असती तर ऐकणाऱ्यांवरही उपकार झाले असते, हे कबूल.)

ॲक्टन, लंडन, सध्या कोल्हापूर
नोव्हेंबर २००२ मध्ये मी ॲक्टन टाऊन हॉलपासून दहा मिनिटांच्या अंतरावर राहत होतो. १५ तारखेला संपावर असलेल्या अग्निशमन कर्मचाऱ्यांच्या मदतीसाठी स्ट्रमरचा कार्यक्रम होता. दिवसभर उभ्याने काम करून पाय भरून आले होते, बाहेर थंडी होती, आणि स्ट्रमर पन्नाशीचाच आहे, पुन्हा कधीतरी ऐकू, असा हिशेब करून मी भात लावला. त्या रात्री प्रेक्षकांतून 'क्लॅश'चा गिटारवादक मिक जोन्स मंचावर चढला. १९८३ मध्ये ज्याला बँडमधून काढले होते, तोच. दोघांनी जुनी गाणी एकत्र वाजवली. २२ डिसेंबरला स्ट्रमर वारला. ॲक्टनमधले ते घर मी मार्चमध्ये सोडले. तोवर कामावर जाताना टाऊन हॉलसमोरूनच बस पकडत होतो.