आठ-नऊ इंची स्वस्त टॅब अभ्यासासाठी घ्यावा का?

गंगापूर रोडकर (धागाकर्ता):
दहावीचा निकाल लागला की नाशिकच्या महात्मा गांधी रोडवरील मोबाइलच्या दुकानांत एक मागणी हमखास ऐकू येते: ‘दहा-बारा हजारांत, मुलाच्या अभ्यासासाठी, एखादा छोटा टॅब दाखवा.’ दुकानदार रॅम, बॅटरी आणि कॅमेरा यांचे आकडे सांगतो आणि व्यवहार होतो. माझे मत असे आहे की मराठीतून अभ्यास करणाऱ्याने, विशेषतः स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्याने, हा टॅब घेऊ नये. आणि त्याचे कारण रॅममध्ये नसून पडद्यात आहे.

उदाहरणादाखल सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब ए९ घेऊ. पडदा ८.७ इंच, पिक्सेल (पडद्यावरचे ठिपके) १३४० × ८००. टॅब उभा धरला तर पडद्याची रुंदी सुमारे ११.३ सेंटिमीटर भरते, तर ए-चार कागदाची रुंदी २१ सेंटिमीटर असते. म्हणजे शासन निर्णय असो, सातबारा असो की क्लासच्या नोट्सची पीडीएफ असो, पान जवळजवळ निम्म्यावर येते. मूळ १२ पॉइंटांचे अक्षर साडेसहा पॉइंटांचे होते आणि त्याच्या वाट्याला उंचीत जेमतेम १६ पिक्सेल येतात. इंग्रजी अक्षर एवढ्यात निभावून नेते. देवनागरीला मात्र त्याच सोळा पिक्सेलमध्ये वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार बसवायचा असतो. ‘द्ध’ आणि ‘द्द’ यांतला फरक तिथे डोळ्यांनी नव्हे, अंदाजाने कळतो. गुगलच्या २०१३ च्या नेक्सस ७ या टॅबमध्ये सात इंचांत १९२० × १२०० पिक्सेल होते. दहा वर्षांनी आलेल्या स्वस्त टॅबचा पडदा त्याच्याहून मागे असावा, हे मला पटत नाही.

इंदिरानगरकर:
आपले गणित बरोबर आहे, पण टॅब उभाच धरायचा हा दंडक कोणी घातला? तोच टॅब आडवा धरला तर पडद्याची रुंदी १९ सेंटिमीटर होते, पान मूळ आकाराच्या नव्वद टक्के दिसते आणि त्याच अक्षराला २७ पिक्सेल मिळतात. पान सरकवत वाचावे लागेल, हे मान्य. पण वाचता येईल.

दुसरे असे की, आपण ज्या कुटुंबांविषयी लिहीत आहात त्यांच्यापुढे ‘हा टॅब की अकरा इंची महागडा टॅब’ असा पर्याय नसतोच. पर्याय असतो तो आईच्या किंवा वडिलांच्या मोबाइलचा, आणि तोही ते संध्याकाळी घरी आल्यावर. स्वतःचे साधन हाती असणे याचे मोल पिक्सेलमध्ये मोजता येत नाही. शिवाय ए९ चे वजन ३३२ ग्रॅम आहे. त्याचा मोठा भाऊ ए९ प्लस ४८० ग्रॅमचा आहे. सिटीलिंकच्या शहर बसमधील गर्दीत एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हातात यांपैकी कोणता टॅब पेलेल, हे सांगण्याची गरज नसावी. २०११ मध्ये विद्यार्थ्यांसाठी वाजतगाजत आलेला सरकारी स्वस्त टॅब ‘आकाश’ आठवून पाहा: सात इंच, ८०० × ४८०, आणि बोट दाबल्याशिवाय हलणार नाही असा पडदा. तिथून आपण कुठे आलो आहोत, हेही पाहावे.

गंगापूर रोडकर:
‘आकाश’शी तुलना केली तर कोणतेही उपकरण उत्तमच ठरेल. आडवा धरण्याबद्दल सांगायचे तर, तेव्हा एका वेळी पानाचा दोन-पंचमांश भागच दिसतो. गोष्ट वाचताना हे चालते. पण तक्ता वाचताना स्तंभांची शीर्षके वर निघून जातात, आणि प्रश्नपत्रिकेत प्रश्न एका पडद्यावर तर पर्याय दुसऱ्यावर, असे होते.

मोबाइलचेही एकदा मोजून पाहू. साडेसहा इंची फोन आडवा धरला तर त्याची रुंदी सुमारे १५ सेंटिमीटर असते, म्हणजे आपल्या उभ्या टॅबपेक्षा जास्त. आणि अनेक मध्यम किमतीच्या फोनमध्ये तिथे २४०० पिक्सेल असतात. ज्या घरात असा फोन आधीच आहे, तिथे दहा हजार खर्चून नेमके काय वाढले?

इंदिरानगरकर:
उंची वाढली. आडव्या फोनची उंची सात सेंटिमीटरही नसते. वरची पट्टी वजा केली की मोजक्याच ओळी उरतात. सुस्पष्ट मोजक्या ओळींपेक्षा किंचित धूसर पण जास्त ओळी मला उपयोगाच्या वाटतात.

निफाडचा बागायतदार:
अभ्यासाचे आपण बघा. माझ्याकडे असाच टॅब सिमकार्डासह आहे आणि द्राक्षबागेच्या फवारणीची नोंद मी त्यावर ठेवतो. निर्यातीच्या मालाला कोणते औषध, किती आणि कोणत्या तारखेला मारले हे विचारले जाते, त्यामुळे नोंद त्या-त्या दिवशी व्हावी लागते. रकाने भरण्यासाठी फोन लहान पडतो आणि दहा इंची टॅब शेडमध्येच राहतो. अडचण पिक्सेलची नाही, उन्हाची आहे. दुपारी बागेच्या कडेला उभे राहिले की या पडद्यावर स्वतःचा चेहरा दिसतो, नोंद दिसत नाही. पडद्याची कमाल प्रखरता किती, हे दुकानात कोणीही सांगत नाही.

सिडकोकर:
दोन्ही बाजू पडद्यावरच थांबल्या आहेत, म्हणून लिहितो. असा टॅब पहिल्या दिवशी कसा आहे यापेक्षा तिसऱ्या वर्षी कसा असेल, हे महत्त्वाचे. या किमतीत बहुधा ईएमएमसी या स्वस्त प्रकारची साठवण असते. ती मुळात संथ, आणि भरत आली की आणखी संथ होते. ‘चार जीबी रॅम अधिक चार जीबी’ अशी जी जाहिरात असते, त्यातील वाढीव चार जीबी याच संथ साठवणीतून उसने घेतलेले असतात. अँड्रॉइडची नवी आवृत्ती किती वर्षे मिळणार, तेही विचारून घ्यावे. पीडीएफऐवजी ई-पब स्वरूपातील पुस्तक असेल तर अक्षरे हवी तेवढी मोठी करता येतात आणि धागाकर्त्यांचा आक्षेप बराचसा निकालात निघतो. फक्त अभ्यासाचे मराठी साहित्य त्या स्वरूपात फारसे मिळत नाही. ई-बालभारतीची पाठ्यपुस्तकेसुद्धा पीडीएफच आहेत.

गंगापूर रोडकर:
म्हणजे आक्षेप उरतोच. बागायतदारांचा उपयोग वेगळा आहे. रकाने भरायला हा टॅब पुरेसा आहे, हे मला मान्य आहे. विद्यार्थ्याच्या बाबतीत माझी सूचना एवढीच आहे की, ज्या नोट्स वाचायच्या आहेत त्यांचीच पीडीएफ मोबाइलमध्ये घेऊन दुकानात जावे, ती टॅबवर पाठवावी आणि पूर्ण पान एका दृष्टिक्षेपात ठेवून एखादा परिच्छेद वाचून पाहावा. दुकानदार दाखवतो तो व्हिडिओ कोणत्याही पडद्यावर छानच दिसतो.

इंदिरानगरकर:
चाचणी मान्य. मात्र ती चाळिशी ओलांडलेल्या वडिलांनी न करता ज्याला वाचायचे आहे त्या मुलाने करावी, आणि टॅब आडवाही धरून पाहावा.