शब्दचर्चा : ‘मुक्तस्रोत’ म्हणजे फुकट का?

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमचं कास्टिंगचं छोटं युनिट आहे. स्टॉक, जॉबवर्क, जीएसटी बिलं एकाच जागी यावीत म्हणून ईआरपी, म्हणजे सगळा कारभार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, घेतोय. कोटेशनची पहिली ओळ : ‘ओपन सोर्स, लायसन्स फी शून्य’. खाली बसवणं, सर्व्हर, ट्रेनिंग, वर्षाचा सपोर्ट यांचे आकडे. वडील विचारतात, “फुकट आहे ना, मग हे पैसे कसले?” त्यांना कोणता शब्द सांगू? ‘मुक्त स्त्रोत’ चालेल?

उत्तर : आधी लेखन. ‘स्त्रोत’ नव्हे, ‘स्रोत’. धातू ‘स्रु’, म्हणजे वाहणे, ‘स्राव’ही त्यातलाच. ‘स्र’मध्ये ‘त’ला जागाच नाही. छापील जाहिरातींतही ही चूक दिसते आणि दर वेळी जीव हळहळतो.

आता अर्थ. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात मोकळीक आणि फुकट दोन्ही येतात. तो घोळ टाळायलाही 1998 मध्ये ‘ओपन सोर्स’ हा शब्द पुढे आला. मराठीत ही अडचण मुळातच नाही : ‘मुक्त’ वेगळं, ‘मोफत’ वेगळं. मुक्त विद्यापीठालाही फी असतेच की! म्हणून मला ‘खुला’पेक्षा ‘मुक्तस्रोत’ बरा वाटतो. खुलं म्हणजे नुसतं बघायला मिळणारं असंही वाटू शकतं. इथे सॉफ्टवेअरचा सोर्स कोड, म्हणजे ते ज्यातून बनतं तो लिहिलेला मजकूर, बघायची, बदलायची, दुसऱ्याला द्यायचीही मुभा आहे.

आणखी एक : शब्दावर थांबू नका, परवाना वाचा. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट जीपीएल 3 या मुक्तस्रोत परवान्याखाली आहे. स्वतःच्या कारखान्यापुरते बदल केलेत तर ते जगाला द्यायची सक्ती नाही. बदललेली प्रत दुसऱ्याला दिलीत, तर त्याला त्या प्रतीचा सोर्स कोडही द्यावा लागतो. बेल्जियमच्या ओडू या ईआरपीच्या मात्र 2015 पासून दोन आवृत्त्या आहेत : कम्युनिटी मुक्तस्रोत, एंटरप्राइझ पैसे भरून. नाव एकच, म्हणून कोटेशनवर आवृत्ती लिहून घ्या.

प्रश्नकर्ता : आभार. वडिलांना म्हटलं, “पॅटर्न, म्हणजे साचा करायचा नमुना, आपल्या ताब्यात, ओतायची मजुरी द्यायची. काम पटलं नाही तर पॅटर्न उचलून दुसऱ्या फाउंड्रीत.” लगेच म्हणाले, “मग डेटाही उचलता येईल का, ते विचार.” उद्या तेच विचारतोय.