मागणीचा वक्र आधी शिकवावा की बाजाराचा अनुभव आधी द्यावा?

मूळ मत : माध्यमिक वर्गांना अर्थशास्त्र शिकवणारी शिक्षिका

अर्थशास्त्राची सुरुवात आपण व्याख्येने करतो, मग कोष्टक देतो, मग मागणीच्या वक्राची (किमतीनुसार मागणी कशी बदलते ते दाखवणाऱ्या रेषेची) आकृती काढतो आणि ‘इतर परिस्थिती कायम असताना’ हे शब्द विद्यार्थ्यांकडून इतक्या वेळा घोकून घेतो की ते कशासाठी आहेत असे विचारायचे त्यांना सुचतच नाही. हा क्रम उलटा करावा, असे माझे ठाम मत आहे. पहिल्याच आठवड्यात वर्गात बाजार भरवावा. अर्ध्या विद्यार्थ्यांनी विक्रेते व्हावे, अर्ध्यांनी ग्राहक. प्रत्येकाला एक चिठ्ठी द्यावी, विक्रेत्याच्या चिठ्ठीवर त्याचा खर्च आणि ग्राहकाच्या चिठ्ठीवर तो जास्तीत जास्त देऊ शकेल ती रक्कम लिहिलेली असावी, आणि ती इतर कोणाला दाखवू नये. किंमत मात्र सर्वांना ऐकू जाईल अशी पुकारावी. अर्थशास्त्रज्ञ व्हर्नन स्मिथ यांनी १९५६ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात आपल्या विद्यार्थ्यांसह असाच प्रयोग केला, या मालिकेतील प्रयोग १९६२ मध्ये प्रसिद्ध केले आणि प्रायोगिक अर्थशास्त्रातील कामासाठी २००२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. एकाही विद्यार्थ्याला पूर्ण वक्र ठाऊक नसताना थोड्याच फेऱ्यांत सौदे समतोल किमतीच्या, म्हणजे मागणी आणि पुरवठा सारखे होतात त्या किमतीच्या, जवळ येतात. हे स्वतः घडवल्यावर फळ्यावर आलेली आकृती मुलांना आपल्याच कृतीचा नकाशा वाटते.

प्रतिसाद : महाविद्यालयीन प्राध्यापक

मी असहमत आहे, आणि वेळेची अडचण हे त्याचे मुख्य कारण नाही. १९४८ मध्ये अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड चेंबरलिन यांनी हार्वर्डमधील विद्यार्थ्यांवर केलेल्या अशाच प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चिठ्ठ्यांची कल्पना तीच होती. परंतु सौदे सिद्धान्ताने सांगितल्यापेक्षा अधिक झाले आणि किंमत समतोलावर स्थिरावली नाही. व्हर्नन स्मिथ स्वतः विद्यार्थी असताना चेंबरलिन यांच्या अशा एका प्रयोगात सहभागी होते. म्हणजे शिक्षकाने एखादा नियम नकळत बदलला, तर वर्गाला उलटाच अनुभव येईल आणि सिद्धान्त खोटा आहे असे मानून विद्यार्थी घरी जातील.

शिवाय अनुभवातून सिद्धान्त आपोआप सुचतो, हे गृहीतकच मला मान्य नाही. पाणी जीवनावश्यक असूनही स्वस्त आणि हिरा अनावश्यक असूनही महाग का, हा प्रश्न ॲडम स्मिथ यांनी १७७६ मध्ये मांडला. खरेदी-विक्रीचा अनुभव तेव्हाच्या माणसांना कमी नव्हता. तरीही सीमान्त उपयोगितेचे (वस्तूच्या आणखी एका नगापासून मिळणाऱ्या समाधानाचे) समाधानकारक उत्तर रुजायला जेव्हन्स आणि मेंगर या अर्थशास्त्रज्ञांची १८७१ मधील पुस्तके आणि १८७४ मधील वालरा यांचे लेखन यावे लागले. जे सुचायला इतक्या बुद्धिमान माणसांना शतकभर लागले, ते चाळीस मिनिटांच्या खेळातून सोळा वर्षांच्या मुलांना सुचेल अशी अपेक्षा करणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

मूळ लेखिकेचे उत्तर

हिरा-पाण्याचा आपला मुद्दा मला मान्य आहे. संकल्पना शिक्षकानेच द्यावी लागते. पण चेंबरलिन यांचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. त्यांच्या वर्गात विद्यार्थी फिरून एकेकाशी खाजगीत घासाघीस करत आणि सौदा एकाच फेरीत संपे. व्हर्नन स्मिथ यांच्या वर्गात प्रत्येक किंमत सर्वांच्या कानी पडे आणि फेरी पुन्हा पुन्हा होई. माणसे साधारण तशीच आणि नियम निराळे, म्हणून निकाल निराळा. बाजार नियमांवर चालतो, ही गोष्ट पाठ्यपुस्तकातील एकमेकांना छेदणाऱ्या दोन रेषा कधीच सांगत नाहीत. म्हणून मी तर दोन्ही प्रयोग लागोपाठ करावेत असे म्हणेन.

प्रतिसाद : वाणिज्य शाखेतील शिक्षक

विक्रेत्याच्या चिठ्ठीवरचा खर्च आला कुठून, हे आपण दोघांनीही विचारलेले नाही. इटालियन गणितज्ञ पाचोली यांनी १४९४ मध्ये व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात द्विनोंदी पद्धत (प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत नोंदवण्याची) मांडली, ती व्यापाऱ्याला आपली खरी स्थिती कळावी म्हणून. आपले विद्यार्थी मात्र रोजकीर्द (रोजच्या व्यवहारांची नोंद), खतावणी (खात्यांनुसार नोंद) आणि तेरीज (खात्यांच्या शिलकांचा ताळा) बिनचूक करतात, तेरीज जुळली की पेन खाली ठेवतात, आणि नफ्यात असलेला व्यवसाय रोकडीअभावी बंद कसा पडतो हे सांगू शकत नाहीत. ६०० चा माल रोखीने घेऊन १,००० ला उधारीवर विकला, तर नफा ४०० दिसतो आणि तिजोरीतून मात्र ६०० गेलेले असतात. मालक स्वतःच्या दुकानात दिवसभर राबतो, त्या श्रमाचे अन्यत्र मिळाले असते ते वेतन पुस्तकात कुठेच येत नाही. अर्थशास्त्र त्यालाच संधी खर्च म्हणते आणि लेखाशास्त्र त्याची नोंद घेत नाही. एकाच व्यवसायाचे आकडे दोन्ही तासांना वापरले, तर हा फरक विद्यार्थ्याला स्वच्छ दिसेल. आज हे दोन विषय शेजारच्या वर्गांत शिकवले जातात आणि एकमेकांना ओळखतही नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रतिसाद : उत्तरपत्रिका तपासणारी एक शिक्षिका

प्रश्नपत्रिकेत ‘मागणीचा नियम अपवादांसह स्पष्ट करा’ हेच येत राहिले, तर विद्यार्थी तेवढेच पाठ करतील. प्रश्न कसा बदलणार, ते सांगा.

मूळ लेखिकेचे उत्तर

एक नमुना देते. ‘दोन वर्गांना सारख्याच चिठ्ठ्या दिल्या. एका वर्गात किमती मोठ्याने पुकारल्या आणि फेऱ्या पुन्हा पुन्हा झाल्या, दुसऱ्यात सौदे खाजगीत एकाच फेरीत झाले. कोणत्या वर्गात अधिक सौदे होण्याची शक्यता आहे, आणि का?’ खाजगी सौद्यांत महागड्या विक्रेत्यालाही एखादा उदार ग्राहक गाठता येतो आणि खुल्या बाजारात तो बाहेर फेकला जातो, एवढे ज्याने स्वतःच्या शब्दांत लिहिले त्याला मी पूर्ण गुण देईन.

प्राध्यापकांचा प्रतिसाद

हा प्रश्न मीही आनंदाने विचारेन. पण ‘अधिक’ म्हणजे कशापेक्षा अधिक, हे ठरवायला समतोलाची आकृती हाताशी असावी लागते. म्हणून माझ्या वर्गात ती प्रयोगाच्या आधीच काढलेली असेल.